तुम्ही विचारलंत म्हणून: त्या जीवाणूचं पुढे काय झालं?

“तो तेल खाणारा जीवाणू सापडला होता ना तुला, त्याचं काय झालं?” लग्नकार्यात, फोनवर, जुने विद्यार्थी भेटले की, गेली 6 वर्षं हेच. एकदा नीट सांगते.

जीवाणू होता. मी काही थाप मारली नव्हती. लातूरजवळच्या एका घाण्यापाशी करडईचं तेल झिरपून माती काळी, चिकट झालेली. तेल सतत पडतं तिथेच ते पचवणारे तग धरतात, म्हणून तिथली चमचाभर माती आणली. सलाइनमध्ये टप्प्याटप्प्याने 10 लाख पट विरळ करून ट्रायब्युटिरीन नावाच्या साध्या चरबीच्या दुधाळ प्लेटवर पसरली. दोन दिवसांनी जीवाणूंच्या एका पिवळसर कॉलनीभोवती काचेसारखं स्वच्छ वलय, म्हणजे तिथली चरबी तुटली होती. 21 मिलिमीटर! पट्टी लावून तीनदा मोजलं. “लायपेज (तेल तोडणारं विकर) मिळालं,” असं विभागभर सांगितलं, सेमिनारला पोस्टरही लावलं.

ऱ्होडामिनची प्लेट त्यानंतर केली. तिच्यात ऑलिव्ह तेल आणि ऱ्होडामिन हा गुलाबी रंग असतो. खरं लायपेज असेल तर अतिनील दिव्याखाली कॉलनी नारिंगी चमकते. ही चाचणी आधीच व्हायला हवी होती, पण रंग यायला उशीर झाला. नाही, खरं सांगते, रंग कपाटात होता. मलाच घाई झाली होती. खोलीत अंधार करून दिवा लावला. प्लेटच्या अर्ध्या भागात तुलनेसाठी लावलेला, लायपेज बनवणारा स्यूडोमोनस जीवाणू लखलखत होता. माझ्या जीवाणूची रेघ निस्तेज. दुसरी प्लेट पाहिली, तिसरी पाहिली. तिसरीच्या वेळी डोळे दिव्याच्या जवळ नेले, आणि बाहेरून कुणीतरी “मॅडम, झालं का?” विचारलं. मला उत्तर देता आलं नाही.

ट्रायब्युटिरीनमधली आम्लं आखूड, 4 कार्बनांची. ती सोडवायला एस्टरेज हे साधं विकरही पुरतं. करडईच्या तेलातल्या साखळ्या बहुतेक 18 कार्बनांच्या. त्यांना लायपेजच लागतं. हे मी वर्गात शिकवत होते, दर वर्षी.

“म्हणजे मेहनत वाया गेली?” असं विचारलंत की मला राग येतो. एस्टरेजलाही काम असतं. शिवाय त्या प्लेटवर त्याने लायपेज बनवलंच नसेल, करडईच्या तेलावर वाढवला तर बनवेलही. तेव्हाची मी अजून हट्टाने म्हणते, वलय तर आलं होतं. आलं होतं, बाई. पण पोस्टरवर तू काय लिहिलंस?

त्या जीवाणूची ग्लिसरॉलमधली कुपी उणे 20 अंशांवर आहे. करडईचं तेलही आणून ठेवलंय, अजून उघडलेलं नाही.