दीड ओळ

माझ्याकडे एका गाण्याची दीड ओळ आहे. शब्द नाहीत, नाव नाही, गाणारी बाई होती की पुरुष तेही आठवत नाही. लहानपणी कधीतरी दुपारची झोप मोडता मोडता ती दुसऱ्या खोलीतल्या रेडिओवरून कानावर पडली आणि राहिली ती राहिलीच. भांडी घासताना, जिना चढताना आपसूक ओठांवर येते. पहिली ओळ नीट पुरी होते, दुसरी चढू लागते आणि पुढची पायरीच नसावी तशी मधेच थांबते.

मध्यंतरी ती फोनला गुणगुणून दाखवली. गुणगुणलेली चाल ओळखण्याची सोय हल्ली फोनमध्ये असते. त्याने थोडा विचार केला आणि एक नाचाचं गाणं पुढे केलं. पुन्हा गुणगुणले, या वेळी जरा सुरात. दुसरं नाचाचं गाणं आलं. दोष बहुधा फोनचा नसावा.

अशा चालींना काय म्हणावं हाही प्रश्नच आहे. 'झपाटणारी' म्हटलं तर पिंपळावरून काहीतरी उतरल्यासारखं वाटतं. 'करुण' म्हणावं तर ती रडकी नसते. 'हुरहूर लावणारी' हे त्यातल्या त्यात जवळचं, कारण दुःखाला कारण लागतं, हुरहुरीला लागत नाही. आता पिंगा तर जाहिरातीची चालही डोक्यात दिवसभर घालते. पण ती डासासारखी. गेली की सुटल्यासारखं वाटतं. ही गेली की चुकल्याचुकल्यासारखं होतं.

कोमल स्वर आले की गाणं कातर होतं, असा माझा बरीच वर्षं समज होता. तो समज एका आयरिश धूनेने मोडला. आज ती 'लंडनडेरी एअर' म्हणून ओळखली जाते. जेन रॉस नावाच्या बाईंनी ती लिमाव्हडी गावात टिपून घेतली आणि जॉर्ज पेट्री यांच्या १८५५ सालच्या संग्रहात ती छापून आली. तिथे ना चालीला नाव होतं, ना वाजवणाऱ्याचं नाव होतं. आज जगभर तिच्यावर म्हटले जाणारे शब्द तर एका इंग्रज वकिलाचे. त्याने ते मुळात दुसऱ्याच चालीसाठी लिहिले होते आणि १९१३ साली या चालीला जोडले. आणि गंमत अशी, की ही सगळी धून शुद्ध स्वरांची आहे. मंद्र निषादावरून सा, रे, ग असं साधं पाऊल टाकत सुरू होते, कुणी अंगणात यावं तशी. बराच वेळ मधल्या पट्टीत रमते. मग शेवटाकडे एकदाच तार गंधाराला, म्हणजे वरच्या सप्तकातल्या ग ला, हात लावते आणि लगेच खाली येते. एकदाच. तो गंधार दोनदा आला असता तर मला वाटतं काहीच झालं नसतं.

म्हणजे स्वर कोणता यापेक्षा तो कुठे उभा आहे आणि किती वेळ उभा राहतो, यात काहीतरी आहे. जॉन स्लोबोडा या मानसशास्त्रज्ञाने १९९१ साली ऐकणाऱ्यांनाच विचारलं, की नेमक्या कुठल्या जागी तुमचे डोळे भरून येतात? लोकांनी दाखवलेल्या जागांमध्ये एक गोष्ट पुन्हा पुन्हा आली. ज्या स्वरावर यायचं त्यावर थेट न येता चाल त्याच्या शेजारच्या स्वरावर टेकते, तो स्वर क्षणभर खुपतो आणि मग आपल्या जागी उतरतो. पाश्चात्त्य संगीतात याला अपोजियातुरा म्हणतात. शब्द इटालियन आहे आणि त्याच्या मुळाशी टेकणं, रेलणंच आहे. आपल्याकडे कणस्वर घेणाऱ्याला किंवा मींड सावकाश ओढणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. दाराशी आलेला माणूस आत न येता चौकटीला टेकून बोलत राहतो ना, तसं ते असतं. मेंदूची चित्रं घेणाऱ्यांनी २०११ साली असंही दाखवलं, की आवडत्या गाण्यातली ती जागा यायच्या आधीच, नुसत्या वाट पाहण्यानेही, मेंदूत डोपामाइन हे सुखाशी जोडलेलं रसायन सुटतं. वाट पाहण्यात सुख असतं हे कळायला यंत्र कशाला, असं वाटलं खरं, पण बरंही वाटलं.

पण टेकणाऱ्या स्वरांची गाणी ढिगाने असतात. ती सगळी काही वर्षानुवर्षं मागे लागत नाहीत.

अठराव्या शतकातल्या रूसो या विचारवंताला याचं उत्तर सापडलं होतं, निदान त्याला तसं वाटत होतं. १७६८ सालच्या त्याच्या संगीतकोशात 'रां दे वाश' या स्विस गुराख्यांच्या चालीची हकिगत आहे. गुरांमागे फिरताना वाजवायची, गुरं हाकायची चाल! पण परमुलखात चाकरी करणाऱ्या स्विस शिपायांनी ती ऐकली की ते रडू लागत, पलटण सोडून पळून जात, कुणी झुरून मरतही. म्हणून त्यांच्या पलटणीत ती वाजवायला बंदी होती आणि बंदी मोडणाऱ्याला देहदंड, असं तो लिहितो. यातलं किती खरं आणि किती तिखटमीठ, देव जाणे. पण स्विस माणसाचं घराकडे ओढलं जाणं तेव्हा चांगलंच प्रसिद्ध होतं. 'नॉस्टॅल्जिया' हा शब्दच १६८८ साली होफर नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने त्या दुखण्यासाठी घडवला. रूसो पुढे म्हणतो, की परक्या माणसाला या चालीत काहीच वाटत नाही. काम करतो तो सूर नव्हे. सुराला बांधलेली आठवण.

इथे माझं रूसोशी जमत नाही. बल्गेरियाच्या रोडोपी डोंगरांशी माझा काडीचा संबंध नाही. तिथली वाल्या बाल्कान्स्का ही गायिका एका बंडखोराचं लोकगीत गाते, मागे दोन गाइदा, म्हणजे बॅगपाइपसारखी तिकडची मशकीची वाद्यं, एक सूर धरून घुमत असतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला गाणं कशाबद्दल आहे हेही माहीत नव्हतं. तरी हातातलं काम हातात राहिलं. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी अवकाशात गेली, तिच्यात हे गाणं आहे. केसरबाई केरकरांची भैरवी आहे. आणि अमेरिकेतल्या ब्लाइंड विली जॉन्सनचं १९२७ सालचं ध्वनिमुद्रणही आहे. त्यात तर शब्दच नाहीत. गिटारच्या तारेवर काहीतरी घासत नेल्यासारखा सूर आणि त्याच्या बरोबरीने माणसाचं नुसतं कण्हणं, हुंकारणं. यातल्या केसरबाईंच्या भैरवीपुरतं रूसोचं म्हणणं मला लागू पडेल. उरलेल्या दोघांचं काय? तिथे माझ्या कुठल्या आठवणी बांधलेल्या आहेत?

विचार करताना लक्षात आलं, की गुरं हाकायची चाल हा प्रकार हसण्यावारी नेण्यासारखा नाही. स्वीडन-नॉर्वेच्या डोंगराळ कुरणांत बायका गुरांना बोलवायला कुलनिंग गात. फार उंच पट्टीतला, न थरथरता सरळ सुटणारा आवाज. तो दरीपलीकडे पोचायचा असतो. आधी वर चढून लांबवर ताणलेला सूर, मग एक उतार, मग शांतता. ही शांतता गाण्याचाच भाग असते, कारण उत्तराची वाट तिथे पाहायची असते. कुलनिंग ऐकल्यापासून मला अशा सगळ्याच चालींत हाक ऐकू येऊ लागली आहे. त्या आयरिश धूनेचा एकदाच लागणारा तार गंधारही तसाच, पोचेल की नाही याची खात्री नसताना मारलेला. आणि हाकेला आठवण लागत नाही. परक्या भाषेत कुणी कुणाला बोलावत असलं तरी आपण वळून बघतोच.

हा सिद्धांत मी भाचीला सांगितला. तिने ऐकून घेतला, सुट्टीसाठी आलेल्या माणसाने ऐकून घ्यावा तेवढा. त्यानंतर दोन दिवसांनी ती आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती आणि गुणगुणत होती. माझीच दीड ओळ. पण मधे न थांबता तिने दुसरी ओळ पुरी केली, दोन स्वर घसरत आली आणि ऐटीत सा वर बसली.

मी दारात जाऊन विचारलं, "हे कुठलं गाणं गं?"

"अगं मावशी, तूच तर दिवसभर म्हणतेस."

"मी एवढंच म्हणते. पुढचं कुठून आणलंस?"

तिला प्रश्नच कळला नाही. "पुढचं म्हणजे? ते तसंच आहे ना?"

तसं नव्हतं. मूळ गाणं तिथून वर जात होतं, एवढं मला पक्कं आठवतं. म्हणजे, तेव्हा आठवत होतं. भाची परत गेली त्याला महिना झाला. भांडी घासताना मी अजून गुणगुणते, आणि दुसऱ्या ओळीच्या मध्यावर आले की पूर्वीसारखं थांबायला जाते. थांबता येत नाही. दोन स्वर घसरतात, सा येतो.