५३ किलोची एकच जागा

विभागीय स्पर्धा जिंकून घरी आले, तर आजीला वाटलं पोरगी निघाली राष्ट्रीय स्पर्धेला. खरी चढण तर पुढेच होती. अखिल भारतीय आंतरविद्यापीठ कुस्ती स्पर्धेत एका वजनगटात एका विद्यापीठाची एकच मुलगी उतरते. आमच्या शिवाजी विद्यापीठात कोल्हापूर, सांगली, सातारा असे तीन जिल्हे येतात. या तिन्ही जिल्ह्यांतून ५३ किलोला जागा एक, आणि तिच्यासाठी माझ्याच खोलीत राहणारी माझी सरावाची जोडीदारीणही उतरणार होती.

त्याआधी कागद. पात्रता अर्जाला दहावीचं प्रमाणपत्र, बारावीची गुणपत्रिका, प्रवेशाची पावती आणि प्राचार्यांची सही-शिक्का लागतो. पावतीवर माझं आडनाव चुकलेलं होतं. दहावीच्या प्रमाणपत्राशी ते जुळेना, म्हणून अर्ज परत आला. जिमखान्याचे सर दोन दिवस माझ्यासाठी खिडक्या पालथ्या घालत होते. खाशाबा जाधवांना १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकला जाता यावं म्हणून राजाराम कॉलेजच्या खर्डेकर प्राचार्यांनी स्वतःचं घर गहाण ठेवलं, हे आमच्याकडे तालमीत येणाऱ्या प्रत्येक पोराला माहीत असतं. कॉलेज पाठीशी उभं राहतं म्हणजे काय, ते मला त्या दोन दिवसांत कळलं.

विद्यापीठाची मुलगी जिथं ठरते त्या आंतरविभागीय स्पर्धेच्या सकाळी काट्यावर उभी राहिले आणि आकडा दिसला, ५३.२००. अंगावर फक्त कॉश्च्युम, त्यामुळे काढून ठेवण्यासारखंही काही नव्हतं. पॅरिसला विनेश फोगाट फायनलच्या सकाळी १०० ग्रॅमनं बाद झाली, तेव्हा आम्ही सगळ्या मुली रडलो होतो. माझे तर दुप्पट होते. वजनाची वेळ संपायला पंचवीस मिनिटं उरली होती, आणि त्या वेळेत कितीही वेळा काट्यावर चढता येतं. दोन जॅकेटं घालून जिना चढ-उतार केला. माझ्याबरोबर कोण पळत होतं? जोडीदारीण. तिचं वजन केव्हाच झालं होतं. ती गप्प बसली असती तर तिची एक कुस्ती कमी झाली असती. शेवटी काटा ५२.९५० वर थांबला. वजन आधीच्या पंधरा दिवसांत उतरवायचं असतं, शेवटच्या रात्री जेवण टाकून नाही. त्या जिन्यावर पायांत गोळे आले तेव्हा हे पटलं.

आम्ही चौघीच होतो, त्यामुळे साखळी पद्धत, प्रत्येकीची प्रत्येकीशी कुस्ती. पहिल्या दोन मी आरामात काढल्या. तिनंही काढल्या. तिसरी आमची दोघींची.

पहिल्या तीन मिनिटांत मी एकेरी पटावर, म्हणजे तिचा एक पाय धरून, दोनदा ताबा घेतला, चार गुण. मग ती सावरली. मी गावच्या तांबड्या मातीत शिकलेली. तिथं कडेला ढकललं तर पंच पुन्हा मध्ये आणून उभं करतात. मॅटवर पाय बाहेर पडला की समोरचीला एक गुण. दुसऱ्या फेरीत तिनं मला दोनदा तसंच बाहेर काढलं. त्यात एकदा मागे जाऊन ताबाही घेतला. ४-४.

शिट्टी झाली. बाकड्यावरच्या पोरी ओरडत होत्या, शेवटचा गुण तिचा, म्हणजे कुस्ती तिची. पण बरोबरी झाली की आधी मोठ्या गुणांच्या चाली मोजतात, मग ताकिदी, आणि तेही सारखं असेल तर शेवटचा गुण. माझे दोन-दोनचे दोन ताबे, तिचा एकच. हा नियम सरांनी मला वहीत लिहायला लावला होता, तरी पंचांनी माझा हात वर करेपर्यंत छाती धडधडत होती. तिनं मला मिठी मारली आणि न बोलता बूट सोडायला बसली. माझ्याकडे बोलण्यासारखं काही नव्हतं.

दोन दिवस खोलीत आम्ही कुस्तीचा विषय काढला नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे पाचला तिनं माझं पांघरूण ओढलं. हॉलवर नेऊन मला मॅटच्या कडेच्या पट्ट्यावर उभं केलं. "तिथल्या हरियाणाच्या पोरी तुला इथूनच बाहेर काढणार," म्हणाली आणि दोन्ही हात माझ्या खांद्यांवर ठेवून ढकलायला लागली.