रुपया, अधेली, पावली

एसटीचा सोडून दुसरा कुठला स्टॉप मला चाळिशीपर्यंत ठाऊक नव्हता. मग हौसेनं एक जुना कॅमेरा घेतला आणि लेन्सवरचे आकडे बघून चक्रावलो. 2, 2.8, 4, 5.6, 8, 11, 16. ना पाढा, ना काही. त्यात आकडा मोठा, तसं लेन्समधलं उजेड आत घेणारं भोक बारीक.

कोडं सोडवलं मोठ्या काकांनी. निजामाच्या हाली रुपयात गोळ्या घेतलेला माणूस. म्हणाले, "रुपया, अधेली, पावली, चवली, आणा. दर पायरीला उजेड निम्मा. या पायरीलाच स्टॉप म्हणायचं." भोकाचा व्यास साधारण 1.4 पटीनं आवळला की क्षेत्रफळ निम्मं होतं, म्हणून ते आकडे तसे वेडेवाकडे. शटर, म्हणजे उजेड किती वेळ आत येतो, तेही त्याच हिशेबातलं: 1/125 सेकंदाचं 1/250 केलं की अधेली गेली, ती भोक एक पायरी उघडून वसूल करायची. फिल्मच्या दिवसांत काकांकडे उजेड मोजणारा मीटर नव्हता. रखरखीत ऊन, 100 स्पीडची फिल्म, तर भोक 16 आणि शटर 1/125. आपल्याकडे ऊन असतंच तसलं, त्यामुळं त्यांचं कधी अडलं नाही.

माझ्या कॅमेऱ्यात मीटर आहे आणि अडतं ते त्याच्यामुळंच. वेचणीच्या दिवसांत फुटलेल्या कापसाचा, अगदी जवळून, फोटो काढला. आई म्हणाली, "भिजल्यावानी कामून दिसायलाय रं? असला नेला तर व्यापारी भाव पाडंल."

मीटर बिचारा समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून चालतो. पांढरं दिसलं की उजेड फार झाला म्हणून आखडता हात घेतो, काळं दिसलं की उधळपट्टी करतो. वेरूळला कैलास लेण्याचा काळा पाषाण त्यानं राख फासल्यासारखा केला होता; तिथं एक स्टॉप कमी करावा लागला. कापसाला मात्र वाढवायला हवं. आणि आमच्या शेतात तर पांढरा कापूस न् त्याखाली काळी माती, मीटरनं कुणाचं ऐकावं?

ईर्ष्येनं अडीच स्टॉपच्याही वर नेलं. बोंडातले धागे गेले, नुसते पांढरे डाग उरले. आईनं कापसाकडं बघितलंच नाही. "ही जमीन आपली न्हाई," म्हणाली. "कुणाची तरी बरड हाय."

उजेड कमीजास्त करायचं चाक तीन खटके, म्हणजे एक स्टॉप, मागं घेतलं. अधेली.