सार्क उरली आहे का?

‘मॅडम, सार्क आता आहे तरी का?’ राज्यशास्त्र शिकवते म्हणून भारत-पाकिस्तानसह दक्षिण आशियातल्या आठ देशांच्या या संघटनेबद्दलचा हा प्रश्न माझ्याकडे दरवर्षी येतो. वर्गातली मुलं विचारतात, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे तर हमखास विचारतात. काटोल-नरखेडकडचे संत्रा बागायतदार पालक भेटले की तेही विचारतात, आणि त्यांच्या विचारण्यात सगळ्यात जास्त तळमळ असते. म्हणून या वेळी जरा सविस्तर लिहिते.

सार्क आहे. काठमांडूला तिचं सचिवालय आहे, दिल्लीत साउथ एशियन युनिव्हर्सिटी चालू आहे. श्रीलंकेची डॉलरची तिजोरी रिकामी होत चालली तेव्हा, 2022 च्या सुरुवातीला, रिझर्व्ह बँकेने 40 कोटी डॉलर दिले, तेही सार्क देशांसाठीच्या चलन अदलाबदलीच्या सोयीतूनच. बंद पडलं आहे ते देशांच्या प्रमुखांचं एकत्र बसणं. नोव्हेंबर 2014 मध्ये काठमांडूला अठरावी शिखर परिषद झाली. पुढची 2016 मध्ये इस्लामाबादला व्हायची होती. उरीचा हल्ला झाला, भारताने जायला नकार दिला, बांगलादेश, भूतान आणि अफगाणिस्तानही मागे हटले. त्यानंतर परिषद झालेलीच नाही.

एक देश नाही म्हणाला की सगळंच का थांबतं? याचं उत्तर सार्कच्या जन्मकथेत आहे. बांगलादेशाचे राष्ट्राध्यक्ष झिया-उर-रहमान यांनी 1980 च्या सुमारास ही कल्पना मांडली तेव्हा दिल्लीला शंका होती की छोटे शेजारी एकजूट करून आपल्याला घेरतील. इस्लामाबादला उलटी भीती, की भारत या निमित्ताने सगळ्यांवर वर्चस्व गाजवेल. दोघांचीही समजूत पटावी म्हणून सनदेत दोन गोष्टी घातल्या गेल्या: प्रत्येक निर्णय एकमताने होईल, आणि दोन देशांमधले वादाचे विषय इथे काढायचे नाहीत. तेवढ्यावर 1985 मध्ये सगळे ढाक्याला सही करायला आले. पण याचा अर्थ असा झाला की ज्या भांडणामुळे संघटना अडते, त्या भांडणाबद्दल संघटनेत बोलताच येत नाही. 1999 मध्ये पाकिस्तानात लष्कराने सत्ता घेतली तेव्हाही परिषद अशीच अडली होती, ती थेट जानेवारी 2002 मध्ये झाली.

आग्नेय आशियाचं उदाहरण मी वर्गात मुद्दाम देते. 1967 मध्ये आसियान ही तिथल्या देशांची संघटना स्थापन झाली तेव्हा इंडोनेशिया आणि मलेशिया यांच्यातला सशस्त्र संघर्ष नुकताच थांबला होता. ते काही जिवलग मित्र नव्हते. आज आसियान देशांचा 20 टक्क्यांहून जास्त व्यापार आपसात होतो. दक्षिण आशियाचा जेमतेम 5 टक्के.

हा 5 टक्क्यांचा आकडा नागपूरकरांना पुस्तकात शोधावा लागत नाही. आपल्या संत्र्याचं सगळ्यात मोठं परदेशी गिऱ्हाईक म्हणजे बांगलादेश. संत्र्याची साल पातळ, माल फार दिवस टिकत नाही, त्यामुळे ट्रकने गाठता येईल असा जवळचा देशच परवडतो. त्या देशाने आयात शुल्क 2019 मधल्या किलोमागे 20 रुपयांवरून 2023 पर्यंत 88 रुपयांवर नेलं. वरूड, काटोल, नरखेडच्या बागांमध्ये त्याचा फटका थेट बसला. राज्य सरकारला निर्यातीसाठी अनुदान जाहीर करावं लागलं.

ढाक्यालाही अडचण होती, हेही सांगायला हवं. डॉलर आटत चालले होते, म्हणून 2022 मध्ये त्यांनी फळांसकट अनेक वस्तूंवर शुल्क वाढवलं. पण याच प्रदेशात 2006 पासून साफ्टा हा मुक्त व्यापाराचा करार लागू आहे. त्याखाली भारताने 2011 मध्ये बांगलादेशासारख्या अल्पविकसित देशांना दारू-तंबाखूसारखे 25 प्रकार सोडून बाकी सगळ्या मालावर शुल्क माफ केलं. एवढं दिलेल्या देशाला हक्काने विचारता यायला हवं की आमच्या फळावरच एवढा बोजा का? तो विचारायचा मंच थंड पडला आहे. सार्कबद्दल मला जे वाईट वाटतं ते इथे वाटतं.

‘पाकिस्तानला वगळून पुढे जाऊ’ हे उत्तर लगेच येतं. मला ते अर्धंच पटतं. बिमस्टेक ही बंगालच्या उपसागराभोवतीच्या देशांची संघटना 1997 पासून आहे, मुक्त व्यापाराचा आराखडा 2004 मध्ये ठरला, करार अजून व्हायचा आहे. वाहनांच्या ये-जा करण्याचा करार पाकिस्तानने 2014 मध्ये अडवला म्हणून भूतान, बांगलादेश, भारत आणि नेपाळ यांनी 2015 मध्ये वेगळा केला, तर तो भूतानच्या संसदेत अडकला. विजेचं मात्र जमलं. नेपाळची 40 मेगावॅट वीज भारताच्या तारांवरून बांगलादेशात जाऊ लागली आहे, आणि या सहकार्याचा करार त्याच शेवटच्या काठमांडू परिषदेत झाला होता. म्हणजे तिथलं काम सगळंच वाया गेलेलं नाही.

जगाच्या राजकारणात सार्कची जागा बदलली ती इथूनच. छोट्या शेजाऱ्यांना भारताशी बरोबरीने बोलता येईल अशी ती जागा होती. ती बंद झाल्यावर त्यांनी बोलायला दुसरी माणसं शोधली. चीनला निरीक्षक म्हणून घ्यावं असं 2005 मध्ये ढाक्यातच ठरलं होतं. तेव्हा तो मागच्या बाकावर होता. जून 2025 मध्ये चीन, पाकिस्तान आणि बांगलादेश यांच्या अधिकाऱ्यांची बैठक कुनमिंगला झाली, यजमान चीनच होता. शेजाऱ्यांना एकत्र बसवण्याचा मान आपण इतक्या सहज सोडावा हे मला मान्य नाही.

उरीनंतर इस्लामाबादला न जाणं मला तेव्हा पटलं होतं, आजही पटतं. पंतप्रधानांनी परिषदेला जाणं आणि वाणिज्य खात्याच्या अधिकाऱ्यांनी साफ्टाच्या शुल्क-सवलतींच्या यादीवर चर्चेला बसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली थांबवूनही दुसरी नेटाने चालवता येते, आणि त्यासाठी विदर्भातल्या खासदारांनी संसदेत आवाज उठवला पाहिजे. बागायतदारांनी हा प्रश्न मला विचारण्याआधी त्यांना विचारावा.

परीक्षेसाठी वाचणाऱ्यांनी सार्कची सनद मुळातून वाचावी. अवघी दहा कलमं आहेत. सुरुवात दहाव्यापासून करा, एकमताची अट तिथे आहे.