तुम्ही विचारलंत म्हणून: झेरॉक्स मशीनवरचा ६ नंबर

माझ्या झेरॉक्सच्या दुकानात, मोठ्या मशीनच्या वर, गणपतीच्या तसबिरीशेजारी एक फोटो आहे. कुठल्याशा क्रीडा मासिकातून कापलेला. कागद पिवळा पडलाय, पण लॅमिनेशन घरचंच, त्यामुळे टिकलाय. लाल-काळ्या उभ्या पट्ट्यांचा शर्ट, डोक्यावर विरळ होत चाललेले केस, कपाळाला आठ्या आणि एक हात वर.

पोरं विचारतात, "काका, ह्यो कोण ओ?" त्यांना नाव सांगितलं की विषय संपतो. खोदून विचारतात ते माझ्या वयाचे, तालमीच्या कट्ट्यावर बसून फुटबॉल बघत मोठे झालेले. "हा बारेसीच न्हवं? ब्राझीलच्या मॅचला पेनल्टी आभाळात मारलेला? इटलीचाच लावायचा हुता तर माल्दिनीचा लाव की!" आमच्या कोल्हापुरात वर्ल्डकपच्या महिन्यात निम्मी गल्ली ब्राझीलची पिवळी होते आणि निम्मी अर्जेंटिनाची निळी-पांढरी. अशा गावात इटलीच्या बॅकचा, म्हणजे बचाववाल्याचा फोटो, त्यातही हरलेल्या, म्हणजे दुकानदाराचं काहीतरी बिनसलंय असंच वाटणार. आजवर मी "आवडतो म्हणून" एवढंच बोलून पुढच्याच्या आधार कार्डाकडे वळत आलो. गेल्या महिन्यात एका जुन्या मित्राने पुन्हा तेच विचारलं आणि त्या दिवशी नेमकी लाइट गेली होती. मग बसलो सांगत. तेच इथे लिहितोय.

फ्रँको बारेसीचा जन्म ८ मे १९६० चा, उत्तर इटलीत ब्रेशियाजवळच्या ट्राव्हाल्यातो नावाच्या गावातला. आई-वडील दोघंही तो पोरवयात असतानाच गेले. मोठा भाऊ ज्युसेप्पे याला मिलान शहरातल्या इंटर क्लबने घेतलं. फ्रँकोलाही त्यांनी बघितलं आणि अंगानं फारच किरकोळ म्हणून परत पाठवलं. मग तो त्याच शहरातल्या दुसऱ्या क्लबकडे, मिलानकडे गेला. तिथे त्याचं नाव पडलं 'पिशिनीन', म्हणजे मिलानच्या बोलीत बारकं पोर. आपल्याकडे 'बारक्या' म्हणतात तसं. पुढची कित्येक वर्षं मिलान-इंटरच्या डर्बीत हे दोघे भाऊ समोरासमोर खेळले. सुरुवातीला फ्रँको हा 'दुसरा बारेसी' होता. नंतर ती पाटी थोरल्याच्या गळ्यात गेली.

एप्रिल १९७८ मध्ये, सतरा वर्षांचा असताना, तो पहिल्यांदा सेरी आमध्ये, म्हणजे इटलीच्या वरच्या लीगमध्ये उतरला. पुढच्याच मोसमात मिलानने लीग जिंकली आणि हा त्या संघाचा लिबेरो होता. लिबेरो म्हणजे मोकळा. बाकीचे बॅक आपापला फॉरवर्ड धरून असतात. हा कुणालाच धरत नाही, सगळ्यांच्या मागे राहून जिथे भगदाड पडेल तिथे जातो. आमच्या मैदानावर याला 'मागचा' म्हणायचे आणि ज्याला पळता येत नाही त्याला तिथे उभा करायचे. इटलीत उलटं होतं. तिथे ही जागा डोकं असणाऱ्याची.

आणि मग १९८० साली सट्टेबाजीचं प्रकरण फुटलं. मिलानला शिक्षा म्हणून खालच्या, म्हणजे सेरी बीमध्ये ढकललं. एका वर्षात वर आले. १९८२ मध्ये पुन्हा खाली गेले, या वेळी कुणी ढकललं नव्हतं, वाईट खेळले म्हणून. गंमत बघा, त्याच उन्हाळ्यात इटली वर्ल्डकप जिंकली आणि बावीस वर्षांचा बारेसी त्या संघात होता. एक मिनिटही खेळला नाही, कारण त्याच्या जागेवर युव्हेंटसचा शिरेआ होता आणि शिरेआला बाहेर बसवायचं काही कारणच नव्हतं. म्हणजे मे महिन्यात क्लब खालच्या लीगमध्ये आणि जुलैत गळ्यात वर्ल्डकपचं पदक. अशा पोराने त्या वेळी दुसरा क्लब धरला असता तर कुणी नाव ठेवलं नसतं. हा राहिला. त्याला कर्णधार केलं. निष्ठा वगैरे शब्द लोक यावर फार सढळपणे वापरतात. मला तेवढं भरून येत नाही. माझ्या फोटोचं कारण ते नाही.

कारण तो वर केलेला हात आहे.

१९८७ मध्ये आरिगो साकी मिलानचा प्रशिक्षक झाला. त्याने 'माणूस धरा' ही पद्धत मोडली आणि चौघांची एक रेघ केली: तासोत्ती, कोस्टाकुर्टा, बारेसी, माल्दिनी. ही रेघ गोलपासून लांब, पार पुढे सरकून उभी राहायची. शेवटचा बॅक आणि पहिला फॉरवर्ड यांच्यात पंचवीस-तीस मीटरपेक्षा जास्त अंतर साकीला खपत नसे. सरावात बॉलच न देता, नुसता कल्पनेतला बॉल इकडे गेला, तिकडे गेला म्हणत अख्खा संघ हलवायचा. साकीने स्वतः सांगितलेली एक गोष्ट मला फार आवडते. गोली आणि हे चौघे असे पाच जण एका बाजूला आणि समोर खुलित, व्हॅन बास्टेन, रायकार्ड, डोनाडोनी, अँचेलोत्ती धरून दहा जण. वेळ पंधरा मिनिटं. बॉल हुकला की दहा जणांनी परत आपल्या हद्दीतून सुरुवात करायची. साकी म्हणतो, हा खेळ आम्ही नेहमी खेळायचो आणि त्या दहा जणांना एकदाही गोल करता आला नाही.

हे कसं व्हायचं ते समजायला तेव्हाचा नियम माहीत हवा. पास सुटतो त्या क्षणी फॉरवर्ड समोरच्यांच्या (गोली धरून) शेवटून दुसऱ्या बचाववाल्याच्या पुढे असला तर तो ऑफसाइड, चाल बाद. १९९० पर्यंत शेवटून दुसऱ्या बचाववाल्याच्या अगदी बरोबरीत उभा असलेला फॉरवर्डही ऑफसाइड धरला जायचा. आता बरोबरीचा सुटतो, तेव्हा सुटत नव्हता. म्हणून एका पावलाला किंमत होती. समोरच्याने पास द्यायला पाय मागे घेतला की चौघांनी एकदम एक पाऊल पुढे यायचं. फॉरवर्ड जागचा हलत नाही, तरीही ऑफसाइडमध्ये सापडतो. कबड्डी खेळलेल्याला हे लवकर कळेल: साखळीतला एक जरी आधी हलला तर चढाईवाला त्याच फटीतून जातो.

हे पाऊल कधी टाकायचं ते बारेसी ठरवायचा. आणि टाकून झाल्यावर त्याचा हात वर जायचा, लाइन्समनकडे बघत.

टाकून झाल्यावर. हे 'झाल्यावर' मला उशिरा कळलं. मी पेठेतल्या एका टीममध्ये स्टॉपर, म्हणजे मधला बॅक खेळायचो. कुणाच्या तरी व्हिडिओ कॅसेटवर मिलानची मॅच बघितली आणि डोक्यात भरलं. आमच्या तिन्ही बॅकना सांगून ठेवलं, माझा हात वर गेला की सगळ्यांनी पुढं यायचं. शाहू स्टेडियमवर मॅच, गर्दी चिक्कार. त्यांच्या मधल्या फळीतल्या एकाने बॉल उचलला, मी रुबाबात पुढे आलो, हात वर केला. आमचा लेफ्ट बॅक तेव्हा खाली वाकून स्टॉकिंग वर ओढत होता. तो माझ्या दोन हात मागे. त्यांचा फॉरवर्ड माझ्या शेजारून गेला, गोलीला चकवलं आणि सावकाश बॉल आत ढकलला. माझा हात अजून वरच. स्टँडमधून एकजण ओरडला, "ए, एस्टीला हात दावतुयास काय रं?" पुढची दोन वर्षं मला गल्लीत 'एस्टी' म्हणत होते.

त्यानंतर मी बारेसीला बघताना हाताकडे बघणं सोडलं आणि त्याच्या तोंडाकडे, पायाकडे बघायला लागलो. हात वर जायच्या आधी तो सतत बोलत असतो. डावीकडे बघतो, उजवीकडे बघतो, कुणाला तरी हाताने मागे ढकलल्यासारखं करतो. हात ही नुसती पावती. मिलानच्या या संघाने १९८९ आणि १९९० असे लागोपाठ दोन युरोपियन कप, म्हणजे युरोपातल्या क्लबांचा सगळ्यात मोठा कप, घेतले. १९८९ चा अंतिम सामना तर स्टुआ बुखारेस्टविरुद्ध ४-०. त्या वर्षीच्या बॅलन डी'ओरमध्ये, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्कारात, व्हॅन बास्टेन पहिला, बारेसी दुसरा, रायकार्ड तिसरा, तिघेही मिलानचे. पुढे कॅपेलो या प्रशिक्षकाच्या हाताखाली १९९३-९४ च्या मोसमात मिलानने ३४ सामन्यांत फक्त ३६ गोल केले आणि तरी लीग जिंकली, कारण खाल्ले होते १५. लोकांना अशी आकडेमोड कंटाळवाणी वाटते. मला नाही वाटत. (आता विरोधकांना एक गोष्ट मी आयती देतो. त्याच वर्षी अथेन्सला युरोपियन कपच्या फायनलमध्ये मिलानने बार्सिलोनाला ४-० धुतलं, तेव्हा बारेसी निलंबित होता, मैदानात नव्हताच.)

आता पेनल्टी.

वर्ल्डकप १९९४, अमेरिका. २३ जूनला नॉर्वेविरुद्ध बारेसीच्या गुडघ्यातला मेनिस्कस, म्हणजे आतली गादी फाटली. वय ३४. ऑपरेशन झालं. घरी जायचं, संपलं. १७ जुलैच्या अंतिम सामन्यात, म्हणजे चोविसाव्या दिवशी, तो कर्णधाराची पट्टी बांधून पॅसाडेनाच्या मैदानात उभा होता. युरोपात लोकांना संध्याकाळी बघता यावी म्हणून तिथे ऐन दुपारी साडेबाराला मॅच लावलेली. तासोत्ती आणि कोस्टाकुर्टा दोघेही निलंबित. समोर ब्राझीलचे रोमारिओ आणि बेबेतो, दोघांनी मिळून तोवर आठ गोल केलेले.

आपल्याकडे तेव्हा रात्रीचा एक वाजलेला. तालमीत टीव्हीपुढे चाळीसएक जण, एक मी सोडला तर सगळे ब्राझीलचे. मला त्या मॅचमधलं जे आठवतं ते असं: रोमारिओच्या पायात बॉल येतोय, तो वळणार, तेवढ्यात मधे एक पाय आलेला असतो. धावून आलेला नाही, आधीच येऊन थांबलेला. पुन्हा पुन्हा. एकशेवीस मिनिटं ०-०. वर्ल्डकपच्या इतिहासात गोल न झालेली ती पहिली फायनल. तालमीतले कंटाळून शिव्या घालत होते, दोघेतिघे भिंतीला टेकून झोपलेही. शेवटी शेवटी बारेसीच्या पायात गोळे यायला लागले.

मग टायब्रेकर, आणि पहिली किक त्याचीच. बॉल बारवरून गेला. तो मागे वाकला, डोक्याला हात लावला. तालीम उठून नाचायला लागली.

पण पुढचीच किक ब्राझीलच्या मार्सिओ सांतोसची होती आणि ती इटलीचा गोली पाल्युकाने अडवली. म्हणजे फिट्टमफाट झाली होती. त्यानंतर इटलीच्या मस्सारोची अडली, शेवटची त्यांच्याच बाजिओची वरून गेली आणि ब्राझील ३-२ ने जिंकलं. बाजिओचा तो मान खाली घातलेला फोटो जगभर गेला. बारेसी दुसऱ्याच्या खांद्यावर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडला.

आता मित्राला मी जे विचारलं ते तुम्हालाही विचारतो. चार वर्षं मागे जा. ३ जुलै १९९०, नेपल्स, अर्जेंटिनाविरुद्धची सेमीफायनल, तीही टायब्रेकरवर गेली. इटलीची पहिली किक कुणी घेतली? बारेसीनेच. गोल झाला. इटली त्याही दिवशी हरली, पण त्याने मारली होती. मी आजवर दुकानात शंभर जणांना तरी विचारलं असेल, एकालाही आठवत नाही. मित्र, जो पेले ते एम्बाप्पे सगळं पाठ म्हणतो, तोही गप्प बसला. मग म्हणाला, "बरं, पण फायनल ती फायनल." तेही खोटं नाही.

१९८२ चं सोनं न खेळता, १९९० चं कांस्य, १९९४ चं रुपं. वर्ल्डकपची तिन्ही पदकं एकाच घरात. १९९७ साली तो थांबला तेव्हा मिलानकडून वीस मोसम आणि ७१९ सामने झाले होते, सहा लीग, तीन युरोपियन कप. क्लबने त्याचा ६ नंबरचा शर्टच बंद केला.

परवा आठवी-नववीतला एक पोरगा प्रोजेक्टच्या झेरॉक्स काढायला आला होता. कागद निघेपर्यंत फोटोकडे बघत बसला. म्हणाला, "काका, ह्याची एक कॉपी मिळंल?" फोटो उतरवून काचेवर ठेवला. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये लाल पट्टा गेला, नुसते करडे आणि काळे पट्टे आले, हात मात्र झकास उठला.

"हात कशाला वर केलाय ओ?"

"ऑफसाइड मागतोय."

"दिली काय मग?"

ते फोटोत येत नाही. मी म्हटलं, दोन रुपये दे.