वाचनालयाचा फळा

आमच्या गावच्या वाचनालयात शिरताना डाव्या हाताला एक फळा आहे. लाकडी चौकटीचा, चार फूट रुंद, आणि वरच्या कोपऱ्यात पांढऱ्या ऑइलपेंटने कायमचं लिहिलेलं 'सूचना'. त्या भिंतीत दर पावसाळ्यात ओल उतरते आणि ती नेमकी 'सू'वरच येते. त्यामुळे लहानपणी आम्हाला 'चना' एवढंच दिसायचं, आणि फळ्याचं नावच 'चना' पडलं. 'चन्यावर काय आलंय रे?' असं एकमेकांना विचारत आम्ही शाळेतून घरी जायचो. मधल्या काळात दोनदा रंग मारून झाला. 'सू' पुन्हा गेला.

दिवाळीच्या तोंडावर मी गावी जातो, तेव्हा घरी पिशवी टेकवली की पहिली चक्कर वाचनालयाकडे. पुस्तकासाठी नाही, कबूल करतो. फळा वाचायला. गावात सहा महिन्यांत काय घडलं ते घरच्यांना विचारलं तर तासभर जातो आणि त्यातला अर्धा तास जमिनीच्या मोजणीत. फळ्यावर तेच पाच ओळींत मिळतं.

यंदा होतं ते असं. दिवाळी अंक योजना सुरू, नोंदणी ग्रंथपालांकडे. शनिवारी सायंकाळी साडेपाचला व्याख्यान, 'वेळेवर' या शब्दाखाली दोन रेघा. एका जुन्या सभासदांचं निधन, शोकसभा सोमवारी. अभ्यासिकेतल्या एका मुलीची तलाठी म्हणून निवड, अभिनंदन. आणि सगळ्यात खाली, जागा उरली नाही म्हणून चौकटीला लागून, 'वाचनकक्षात सापडलेला चष्मा ओळख पटवून घेऊन जावा.' चष्म्याची ओळख कशी पटवायची असते कोण जाणे. घालून बघायचा असावा.

बारसं सोडलं तर गावातलं सगळं त्या चार फुटांत मावतं. पण मावायचं तर काहीतरी पुसावं लागतं, आणि काय पुसायचं हे ग्रंथपाल ताई ठरवतात. व्याख्यान झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी ती ओळ जाते. निधनाची ओळ तेराव्यापर्यंत राहते. असा नियम कुठे लिहिलेला नाही, पण मी इतकी वर्षं बघतोय, तेराव्याआधी ती ओळ पुसलेली मला दिसलेली नाही. मध्ये एखादं मोठं कार्यक्रमाचं निवेदन आलं तर ताई अक्षर बारीक करतात, पण त्या ओळीला हात लावत नाहीत.

फळा ओल्या फडक्याने पुसत नाहीत, डस्टरने पुसतात. त्यामुळे जुनं पूर्ण जात नाही. दुपारी चारच्या सुमाराला समोरच्या खिडकीतून ऊन तिरकं येतं तेव्हा आजच्या मजकुराखाली मागच्या महिन्याचा मजकूर दिसायला लागतो. 'अभिनंदन'च्या पोटात 'वर्गणी थकबाकी', 'शोकसभा'च्या मागे 'बालनाट्य'. मला हे फार आवडतं, आणि ताईंना अजिबात नाही. 'तेवढा एक स्पंज आणा पुण्याहून,' त्या दरवेळी सांगतात. मी दरवेळी विसरतो, मुद्दाम.

आमचं वाचनालय काही फार जुनं नाही. रत्नागिरीचं १८२८ मधलं, नाशिकचं १८४० मधलं, पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ मधलं. त्यांच्यापुढे आमचं म्हणजे कालचं पोर. 'ब' वर्ग. राज्यात १९६७ सालच्या कायद्याप्रमाणे वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळतात आणि वर्गाप्रमाणे अनुदान. त्यामुळे आमच्या कार्यकारिणीत 'अ'मध्ये जायची स्वप्नं अधूनमधून पडतात, आणि अनुदानाचा हप्ता लांबला की आपोआप विरतात. तपासणी जवळ आली की मात्र दाखल रजिस्टरपासून पंख्यापर्यंत सगळं पुसून निघतं. १५ ऑक्टोबरला कलामांच्या जयंतीला वाचन प्रेरणा दिन असतो. त्या दिवशी शाळेची पोरं रांगेत बसवून त्यांच्या हातात पुस्तकं देतात आणि फोटो काढतात. फोटो फायलीला लागतो. एका वर्षी फोटोतल्या पोराच्या हातातलं पुस्तक उलटं होतं. फाईल पुढे गेली, कोणाच्याच लक्षात आलं नाही. म्हणजे फाईल तरी कोण वाचतं, हाही प्रश्न आहेच.

पण दिवाळी अंक योजना ही खरी. १९०९ साली का. र. मित्रांनी 'मासिक मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हा त्यांना कल्पनाही नसेल की पुढे गावोगावच्या वाचनालयांचा हिशेब त्यावर चालेल. ठरावीक रक्कम भरायची आणि दिवाळीपासून शिमग्यापर्यंत एकेक अंक घरी न्यायचा. दोन दिवसांत परत. आमच्या घरी हे अंक फार उशिरा यायचे, कारण बाबा नोंदणी शेवटच्या तारखेला करायचे. माघात अंक हातात पडायचा तो पाच घरं फिरून आलेला. मुखपृष्ठावर चहाच्या कपाचं गोल, पाककृतीच्या पानाला हळदीचा अंगठा, शब्दकोडं कोणीतरी पेनने सोडवलेलं, तेही चुकीचं. राशिभविष्याची पानं बहुतेकदा गायब. राहिलीच तर मजा यायची, कारण नोव्हेंबर ते जानेवारी होऊन गेलेले असायचे आणि भविष्य तपासून बघता यायचं. आजी एकेका राशीवर बोट ठेवून म्हणायची, 'हे चुकलं. हेही चुकलं. हे बरोबर, पण ते आपल्या शेजारच्यांच्या बाबतीत.'

माझं स्वतःचं नाव फळ्यावर एकदाच लागलं. नववीत होतो. 'खालील सभासदांनी मुदत संपलेली पुस्तके त्वरित परत करावीत' या मथळ्याखाली सहा नावं, त्यात चौथं माझं, वडिलांच्या नावासकट. वडिलांच्या नावासकट हे महत्त्वाचं. संध्याकाळपर्यंत बातमी दूध डेअरीवर गेली आणि तिथून आईकडे. आईने विचारलं, 'कुठाय पुस्तक?' मी म्हटलं, सापडत नाहीये.

ते खोटं होतं. पुस्तक मला चांगलं ठाऊक होतं कुठे आहे. शेजारच्या काकूंकडे. त्यांच्या घरी बाईमाणसाने दुपारी पुस्तक घेऊन बसणं म्हणजे कामं उरली आहेत असा अर्थ निघायचा, सभासद होणं तर दूरच. म्हणून मी आमच्या कार्डावर पुस्तक आणायचो, मागच्या दाराने द्यायचो, आणि त्या ते डाळीच्या डब्यामागे ठेवून, कुकरच्या तीन शिट्ट्यांच्या मधल्या वेळात वाचायच्या. जाड कादंबरी होती. शिट्ट्यांच्या हिशेबाने पंधरा दिवसांत कशी संपणार?

दुसऱ्या दिवशी काकूंनी पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून परत दिलं, वर विलंब आकाराची चिल्लर. मी वाचनालयात गेलो. तेव्हा ग्रंथपाल म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी होते. त्यांनी पुस्तक घेतलं, सवयीने पानं फर्रकन सोडली, आणि मध्येच थांबले. दोनशे बाराव्या पानावर खुणेला कढीपत्त्याची वाळलेली काडी होती.

'तू कढीपत्ता खातोस?' त्यांनी विचारलं.

'नाही गुरुजी. ताटातून काढून टाकतो.'

त्यांनी काडी होती तिथेच ठेवली. तारीखपट्टीवर नव्या तारखेचा शिक्का मारला आणि पुस्तक माझ्याकडे सरकवलं. चिल्लरही. मग उठून बाहेर गेले आणि डस्टरने यादीतलं चौथं नाव पुसलं. वरची तीन आणि खालची दोन तशीच. दोन दिवस फळ्यावर माझ्या नावाएवढी काळी जागा होती आणि येणारे-जाणारे तिसऱ्यानंतर एकदम पाचवा आकडा वाचत होते.

आता गुरुजी नाहीत. काकू आहेत, आणि सभासदही आहेत. सासूबाई गेल्यावर पुढच्याच महिन्यात त्यांनी अनामत भरली. गुडघ्यांमुळे त्यांना वाचनालयाच्या पायऱ्या चढवत नाहीत, म्हणून शिपाई मामा बुधवारी सायकलला पिशवी अडकवून त्यांच्यासारख्या सात-आठ घरी पुस्तकं पोचवतात. बडोद्याला सयाजीरावांच्या काळात पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी जायच्या. आमच्याकडे खताची शिवलेली पिशवी जाते. परवा मामा सांगत होते, 'त्या पुस्तक बघत नाहीत आधी, फळ्यावर काय आहे ते विचारतात. मला पाठ करून जावं लागतं.'

पाठ करायची खरं तर गरज नाही, कारण वाचनालयाचा व्हॉट्सॲप ग्रुपही आहे. मीही त्यात आहे. तिथे सकाळी सहाला गुलाबाची फुलं येतात, नंतर कोमट पाण्याचे फायदे. कोणी गेलं की 'भावपूर्ण श्रद्धांजली' चाळीस वेळा येतं आणि नेमकं कोण गेलं ते शोधायला वर, आणखी वर जावं लागतं. म्हणून ताईंनी एक युक्ती काढली. त्या रोज सकाळी फळ्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकतात. लोक तो बोटांनी मोठा करून वाचतात. दुबईतला एक सभासद तर लिहितो, 'ताई, उजवा कोपरा चमकतोय, परत काढा.' ताई परत काढतात.

वाचनकक्षात आता सकाळी पेपर वाचणारे आजोबा पाच-सहा आणि अभ्यासिकेत पोरं चाळीस. एमपीएससी, पोलीस भरती, तलाठी. आजोबांची तक्रार असते की ही पोरं वाचनालयाचं एकही पुस्तक उघडत नाहीत, नुसती आपापली गाइडं घेऊन बसतात, आणि पंखा पाचवर ठेवतात. तक्रार खोटी नाही. पण त्यांच्या शुल्कावर विजेचं बिल निघतं, आणि रात्री दहापर्यंत दिवा जळणारी गावात दुसरी जागा नाही. मी पोरांच्या बाजूने आहे. शिवाय तलाठी झालेल्या त्या मुलीने, निकाल लागल्यावर, पहिल्यांदाच एक कविता-संग्रह घरी नेला म्हणे. ताईंनी मला हे फार हळू आवाजात सांगितलं, जणू कोणी आजोबांनी ऐकलं तर त्यांची तक्रारच संपेल.

यंदा ताईंचा उजवा खांदा धरलाय. हात डोक्याच्या वर जात नाही. मी फळ्यापाशी उभा होतो तर म्हणाल्या, 'उभेच आहात तर दोन ओळी लिहून द्या.' खडू हातात घेतल्यावर कळलं की हे काम सोपं नाही. उभ्या भिंतीवर अक्षर आपोआप चढणीला लागतं. मी सुरुवात ऐसपैस केली, शेवटी जागा संपली आणि 'उपलब्ध आहेत'मधलं 'आहेत' चौकटीच्या लाकडावर गेलं. तरी लांबून बघितल्यावर बरं वाटलं. 'नविन पुस्तके वाचनासाठी उपलब्ध आहेत.'

तेवढ्यात पेपर संपवून एक आजोबा बाहेर आले. चप्पल घालता घालता फळा वाचला. एकदा वाचला, चष्मा वर करून परत वाचला. माझ्याकडे बघितलं नाही. अंगठ्याला जिभेचं पाणी लावून त्यांनी 'वि' पुसला, माझ्या हातातला खडू घेतला, तिथे 'वी' काढला, खडू परत माझ्या हातात ठेवला आणि पायऱ्या उतरून गेले.

त्यांचं अक्षर जुन्या वळणाचं, टपोरं. माझ्या किरट्या ओळीत तो एकच 'वी' उठून दिसत होता. ताईंनी तसाच फोटो काढला. पाचच मिनिटांत ग्रुपवर दुबईहून विचारणा आली, 'अक्षर कोणाचं आहे? 'वी' छान आलाय.'