आम्ही गॅसवाले कसे झालो

अंधेरीच्या एमआयडीसीत आमचा गाळा आहे. धंदा सुरू केला तेव्हा फर्मेंटर, म्हणजे जिवाणू वाढवायची बंद टाकी, बनवायचं डोक्यातही नव्हतं. औषध कंपन्यांच्या प्रयोगशाळांत पीएच प्रोब बदलून द्यायचे, स्टररचं सील गळत असेल तर नवं बसवायचं, अशी सटरफटर कामं. फिटिंग नागदेवीतून आणायचं, काचसामान प्रिन्सेस स्ट्रीटवरून. पुढे स्टीलचे छोटे फर्मेंटर स्वतःच बनवायला लागलो, पण त्यात चढाओढ फार आणि पैसे सुटायचे ते नावापुरते.

सक्सिनिक ॲसिडच्या एका ऑर्डरने सगळं बदललं. ग्राहकाला ते मळीपासून करायचं होतं. जिवाणू ॲक्टिनोबॅसिलस सक्सिनोजेनस, मूळचा गुरांच्या कोटीपोटातला, म्हणजे पोटाच्या पहिल्या कप्प्यातला. तक्रार अशी, की साखर संपते, पण सक्सिनिकऐवजी फॉर्मिक, ॲसेटिक आणि वर इथेनॉल हाती येतं. स्टरर कमी पडतोय, असं त्यांचं म्हणणं. आमच्या माणसाने तिथे बसून गॅसची लाइन पाहिली. हवा काढायला ते सतत नायट्रोजन सोडत होते, आणि तोच नायट्रोजन विरघळलेला कार्बन डायऑक्साइडही हुसकावून लावत होता.

इथे थोडं रसायन सांगतो, कारण आमची रोजीरोटी त्यावर आहे. साखर फुटून तीन कार्बनचं फॉस्फोएनॉलपायरुवेट होतं. त्याला कार्बन डायऑक्साइड जोडला गेला की चार कार्बनचं ऑक्झॅलोॲसिटेट, मग मॅलेट, फ्युमरेट आणि शेवटी सक्सिनेट. गॅस अपुरा पडला की जिवाणू दुसऱ्या वाटेला लागतो, तिथे फॉर्मिक, ॲसेटिक आणि इथेनॉल. हिशेब मांडला तर ११८ किलो सक्सिनिकमध्ये ४४ किलो गॅस बांधला जातो. त्यातला काही जिवाणू स्वतःच सोडतो, उरलेला आपण पुरवायचा. असले जिवाणू कार्बन डायऑक्साइड खातात हे १९३६ साली वूड आणि वर्कमन या शास्त्रज्ञांनी प्रोपिऑनिक जिवाणूंवर दाखवलं होतं. तरी आजही बरेच लोक फर्मेंटरमधल्या या गॅसकडे फक्त बाहेर सोडायची गोष्ट म्हणूनच बघतात.

अडचण अशी, की ३७ अंशाला शुद्ध गॅस सोडला तरी नेहमीच्या दाबाखाली लिटरमागे जेमतेम एक ग्रॅम विरघळतो. म्हणून बुडबुडे बारीक हवेत, दाब किंचित वाढवायला हवा, पीएच सातच्या आसपास ठेवायला हवा. मॅग्नेशियम कार्बोनेट घातलं तर ॲसिडही मारलं जातं आणि गॅसही सुटतो, पण त्याचा चिखल तळाशी बसतो आणि सँपलची नळी चोंदते. आमचा फिटर या पावडरीला काय म्हणतो ते इथे लिहिता येणार नाही.

सिलिंडरचीही एक गंमत आहे. आत हा गॅस द्रवरूपात असतो. जास्त वेगाने सोडला की रेग्युलेटर गारठतो आणि मुंबईच्या दमट हवेत त्यावर पांढरा बर्फ चढतो. आतून अडकला की प्रवाह डळमळतो, आणि त्याचा परिणाम दुसऱ्या दिवशी एचपीएलसीच्या (द्रावणातलं प्रत्येक ॲसिड वेगळं करून मोजणाऱ्या यंत्राच्या) आलेखात दिसतो: सक्सिनिकचं शिखर बुटकं, फॉर्मिकचं उंच. रेग्युलेटरला कोमट पाण्याचं फडकं गुंडाळून रात्रपाळी काढलेली आम्ही बऱ्याच ठिकाणी पाहिली आहे. म्हणून फर्मेंटरला गॅस पुरवायचं जे पॅनेल आम्ही आता विकतो, त्यात हीटरवाला रेग्युलेटर, गॅसचा प्रवाह मोजून नेमका ठेवणारा मास फ्लो कंट्रोलर आणि बाहेर पडणारा गॅस पुन्हा आत फिरवायचा छोटा पंप येतो. शिवाय जमिनीलगत एक सेन्सर, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि बंद गाळ्यात खाली साचतो. त्यावर सूट मागणाऱ्याला आम्ही सरळ नाही म्हणतो.

प्रत्येक जिवाणूला जास्त गॅस मानवतोच असं नाही. दाब फार झाला तर काहींची वाढच मंदावते. त्यामुळे पॅनेल विकण्याआधी आम्ही ग्राहकाच्याच जिवाणूवर वेगवेगळ्या प्रमाणात गॅस देऊन बघतो आणि त्याचे वेगळे पैसे घेतो.

सध्या डिस्टिलरीच्या टाक्यांमधून निघणारा गॅस थेट वापरता येईल अशी जोडणी करतोय. मळीही तिथेच, गॅसही तिथेच. दर ठरवताना घासाघीस अजून टाकीच्या लिटरवरच होते. टाकीत थोडंफार सोडतो, पॅनेलचा दर मात्र हलत नाही.